फायरस्क्रीन आगीला टेकवून ठेवायची का? एका प्रतिक्रियेला उत्तर

फायरस्क्रीन म्हणजे फायरप्लेसच्या (भिंतीतल्या शेकोटीच्या) धगीपासून आडोसा म्हणून ठेवायची चौकट. ती आगीपासून तीन फूट लांब ठेवावी, असं मी लेखात लिहिलं होतं, त्यावर आलेल्या प्रतिक्रियेला हे उत्तर. सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. पण "ज्याला फायरस्क्रीन म्हणजे काय हेच कळत नाही त्याने जुन्या फर्निचरवर लिहू नये" ही काय पद्धत झाली? मुद्दा चुकला असेल तर चूक दाखवा. मी अठरा वर्षं जुन्या लाकडाच्या दुरुस्तीचंच काम करतो. ज्या वस्तूचे सांधे हाताने उकलून पुन्हा बसवले, तिच्याविषयी असं ऐकून घेणार नाही.

एक चूक कबूल. अशा चौकटीत बसवलेल्या बर्लिन पद्धतीच्या (छापील नमुन्यावरून टाके मोजून केलेल्या) लोकरी भरतकामाचे भडक रंग रासायनिक असतात, असं मी सरसकट लिहिलं होतं. कृत्रिम रंगांची सुरुवात १८५६ मध्ये रसायनशास्त्रज्ञ विल्यम पर्किनच्या जांभळ्या रंगापासून झाली, त्याआधीचं काम वनस्पतिज आणि इतर नैसर्गिक रंगांचं. लेखात दुरुस्ती करतो.

आता तुमचं मुख्य वाक्य: "आगीपासून तीन फूट लांब ठेवायची तर तिला फायरस्क्रीन का म्हणायचं? ठिणग्या कोण अडवणार?" ठिणग्या अडवणं हे तिचं काम कधीच नव्हतं. त्यासाठी लोखंडी किंवा पितळी जाळीचा स्पार्क गार्ड असतो, तो फायरप्लेसचं तोंड पूर्ण झाकतो. अठराव्या शतकातली इंग्लिश पोल स्क्रीन नीट पाहा. खाली तिपाई, तिच्यावर उभा दांडा आणि दांड्यावर वरखाली सरकणारी लहानशी चौकट. चौकटीखाली दोन-अडीच फूट मोकळं. तिथून ठिणगी सरळ गालिच्यावर येईल.

ती माणसासाठी आहे. उघड्या फायरप्लेसची बरीचशी ऊब धुराड्यातून निघून जाते. खोलीत पोचते ती मुख्यतः सरळ रेषेत येणारी धग, म्हणून पाठ गारठते आणि तोंड भाजतं. सरळ रेषेत येणारी धग अडवायला चेहऱ्याच्या उंचीवर वीतभर सावली पुरते. म्हणूनच चौकट सरकती ठेवलेली: खुर्चीत बसणाऱ्याच्या उंचीप्रमाणे ती वर किंवा खाली घ्यायची. इंग्लिश फर्निचर-कारागीर चिपेंडेलच्या १७५४ च्या नमुना-पुस्तकातही फायरस्क्रीन आहेत, त्या दिवाणखान्यातल्या फर्निचर म्हणून.

तुमच्या लीड्सच्या आत्यांकडे ती आगीला टेकूनच असते आणि काही झालं नाही, म्हणता. आग खरंच पेटते का? पेटत असेल तर चौकटीची आगीकडची बाजू उजेडात धरून बघा. चपडीच्या (लाखेपासून केलेल्या) पॉलिशला फोड आलेत का? ती धगीने मऊ होते. महोगनीची फळी रेषांच्या दिशेने चिरली आहे का? लाकूड रुंदीत आकसतं, आणि चारी बाजूंनी चौकटीत घट्ट चिकटवलेली फळी सरकू शकत नाही, मग फाटते. सरस वाळून ठिसूळ होतो, सांधे खुळखुळतात. भरतकामाच्या मागचं कापड तपकिरी पडतं, बोट लावलं की भुगा होतो. हे एका हिवाळ्यात दिसत नाही, म्हणून "काही झालं नाही" असं वाटतं.

जागा ठरवायची पद्धत सोपी आहे. आग पूर्ण पेटल्यावर चौकटीच्या आगीकडच्या बाजूशी हाताची मागची बाजू मिनिटभर धरा. चटका बसला तर स्क्रीन मागे घ्या. चटका बसला नाही तरी तीन फुटांच्या आत आणू नका. ठिणग्यांसाठी जाळी वेगळी लावा. जाळी लावली म्हणून स्क्रीन पुढे सरकवू नका, कारण जाळीतून धग येतेच.

मेणाचा मेकअप वितळू नये म्हणून बायका हे वापरत, ही लोकप्रिय दंतकथा आहे, ती मी लेखात घेणार नाही. छायाचित्रं अंधुक आहेत, "हे पैसेवाल्यांचे चोचले" वगैरे बाकीच्याला उत्तर देत बसत नाही.

आत्यांची स्क्रीन भरतकामाची असेल तर एवढं मात्र करा: मागचा पुठ्ठा काढून कसर (लोकर खाणारी कीड) लागली आहे का ते पाहा. लोकरीत बारीक जाळं किंवा वाळूसारखे कण दिसले, तर ती आधी बाकीच्या गरम कपड्यांपासून दूर न्या.