दुधनाचा प्रश्न पूर्णेला

आमच्या तालुक्याच्या गावात माणूस हुशार ठरायला फार काही लागत नाही. पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचावा आणि चहाच्या हॉटेलात एकदा कुणाची तरी माहिती दुरुस्त करावी, बस. पण एकदा हुशार ठरलात की सुटका नाही. लग्नपत्रिकेचं शुद्धलेखन तुमच्याकडे, पीकविम्याचा फॉर्म तुमच्याकडे, आणि सप्टेंबर लागला की हायस्कूलच्या सामान्यज्ञान स्पर्धेचे प्रश्नही तुमच्याकडेच.

शिक्षणाशी माझं नातं एवढंच, की मी पोस्टमास्तर होतो. रिटायर झाल्यावर पोस्ट सरकारनं काढून घेतलं आणि लोकांनी मास्तर तेवढा शिल्लक ठेवला. त्याच भरवशावर मुख्याध्यापक घरी आले. बायको बशांत मुरमुऱ्यांचा सुशीला वाढून आणेपर्यंत त्यांनी काम सांगूनही टाकलं होतं.

"मास्तर, जास्त काही नाही. शंभर प्रश्न. सोपे पाहिजेत. पण कुणाला येऊ नयेत."

मुक्तिसंग्राम दिनाला सकाळी झेंडावंदन आणि मग शाळाशाळांची स्पर्धा, असा बेत होता. मी माळ्यावरून २०१२ सालचं एक गाईड काढलं. उघडल्याबरोबर पहिला प्रश्न : भारतात राज्ये किती? उत्तर २८. म्हटलं, हे गेलं रद्दीत. मग बोटं मोजली. जून २०१४ मध्ये तेलंगणा झालं तेव्हा राज्यं २९ झाली. ऑक्टोबर २०१९ संपता संपता जम्मू-काश्मीर केंद्रशासित झालं, परत २८. म्हणजे मधली पाचेक वर्षं हे गाईड चूक होतं आणि आता बसल्या जागी बरोबर झालेलं आहे! पुढे कझाकस्तान. गाईड म्हणतं राजधानी अस्ताना. २०१९ साली त्या लोकांनी तिचं नाव नूर-सुलतान ठेवलं, २०२२ साली पुन्हा अस्ताना केलं. आमच्या गाईडला माळ्यावर यातलं काहीच कळलं नाही, त्यामुळे त्याचं काही बिघडलंही नाही.

सगळीकडेच त्याचं नशीब असं नव्हतं. केंद्रशासित प्रदेश त्यात ७ होते, आज ८ आहेत. मध्ये जेमतेम तीन महिने ९ होते. त्या तीन महिन्यांत ज्यांची तोंडी परीक्षा झाली असेल त्यांची मला खरोखर काळजी वाटते. महाराष्ट्राचे जिल्हे गाईडात ३५, कारण पालघर २०१४ चा. एव्हरेस्ट ८,८४८ मीटर. नेपाळ आणि चीन यांनी डिसेंबर २०२० मध्ये ते ८,८४८.८६ असल्याचं जाहीर केलं. वरच्या ८६ सेंटिमीटरना हसू नका. आमच्या गल्लीत एवढ्या जागेपायी दोन भाऊ जिल्हा कोर्टापर्यंत गेलेत.

बाहेरच्या जगाचं हे असं, तर निदान घरचे प्रश्न तरी पक्के घ्यावेत म्हणून लिहिलं : मराठवाड्यात जिल्हे किती? शेजारी नात बसली होती. तिला विचारलं तर ती म्हणाली आठ. मुलगा आतून ओरडला, "सात!" आणि माझ्या तोंडून निघालं पाच. तिघंही आपापल्या चौथीच्या पुस्तकाशी इमानदार होतो. मी शाळेत होतो तेव्हा औरंगाबाद, बीड, उस्मानाबाद, परभणी आणि नांदेड, संपला मराठवाडा. १९८१ ला जालना झालं, १९८२ ला लातूर, १९९९ ला आमच्याच परभणीतून हिंगोली. आता त्या पाचांतल्या दोघांची नावंही बदललीत. पोस्टात जन्म गेलेल्या माणसाला नावबदलाची भीती नसते. पत्ता कसाही लिहा, पत्र पोचतं. उत्तरपत्रिका मात्र पोचत नाही.

प्रश्न काढतोय ही बातमी गावात फुटली आणि मदतीला लोक येऊ लागले. किराणा दुकानदाराला 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण कुणी काढली, हा प्रश्न घालायचा होता. म्हटलं, उत्तर काय? तो म्हणाला, "ते तुम्ही शोधा की, तुम्ही हुशार." देवळातल्या भजनी मंडळानं महाराष्ट्रात ज्योतिर्लिंगं किती, असं विचारलं. मी गाईड बघून तीन म्हणालो नाही, हे माझं नशीब. गाईड तिकडं उत्तरेत छापलेलं. त्यात वैद्यनाथ झारखंडच्या देवघरला आणि नागनाथ गुजरातेत द्वारकेजवळ. इकडं परळी आणि औंढा दोन्ही आमच्या उंबऱ्याशी. त्र्यंबकेश्वर, भीमाशंकर, घृष्णेश्वर धरून आमची पाच होतात आणि ती पाचच राहणार. भजनी मंडळातला एक जण शांतपणे म्हणाला, "मास्तर, तीन लिहिलं तर औंढ्याची बस तुमच्यासाठी थांबायची नाही."

तो प्रश्न मी कागदावरून कमी केला.

स्पर्धेच्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये माणूस मावत नव्हता. पोरांपेक्षा पालक जास्त. टीमला नद्यांची नावं द्यायची कल्पना भूगोलाच्या मॅडमची : गोदावरी, पूर्णा, दुधना, सिंदफणा. इथवर ठीक होतं. पण प्रश्न पास कसा करायचा हेही मॅडमनी नकाशा बघूनच ठरवलं. दुधना पूर्णेला मिळते, म्हणून दुधनाला न आलेला प्रश्न पूर्णेला. पूर्णा गोदावरीला मिळते, सिंदफणाही गोदावरीलाच मिळते, म्हणून त्यांचे प्रश्न गोदावरीला. दुसऱ्या फेरीपर्यंत गोदावरी दुथडी भरून वाहत होती आणि दुधना कोरडी ठणठणीत. दुधनाचे पालक उठले.

"हे कामून असं? सगळे प्रश्न गोदावरीलाच कामून जायलेत?"

"उतार तिकडं आहे," मॅडम म्हणाल्या.

"अन् गोदावरीला नाही आलं तर?"

"तेलंगणात जातं. म्हणजे प्रश्न बाद."

या उत्तरावर हॉल गप्प झाला, कारण यात सगळ्यांना पाटबंधारे खात्याचा आवाज ओळखू आला.

बझरचीही एक कहाणी आहे, पण थोडक्यात सांगतो. वायरमननं चार टीमला घराच्या दाराला असतात तशा चार बेल बसवून दिल्या. चारही बेलमधून एकच चिमणी चिवचिवत होती. आधी कोण बोललं ते कुणालाच कळेना. शेवटी पोषण आहाराची स्टीलची ताटं आणि डाव आणले. त्यानंतरची स्पर्धा ज्यांनी ऐकली त्यांचे कान अजून पूर्ववत झालेले नाहीत.

सूत्रसंचालन विज्ञानाच्या सरांकडे होतं. २००० साली टीव्हीवर करोडपती सुरू झाल्यापासून ज्या हजारो लोकांचा आवाज कायमचा खाली गेला, त्यातले ते एक. प्रत्येक उत्तरानंतर पोरांच्या डोळ्यांत खोल बघत ते विचारायचे, "लॉक करू?" दुधनातलं एक पोरगं शेवटी कंटाळून म्हणालं, "कुलूप लावा न सर एकदाचं." बुर्किना फासोच्या राजधानीला मात्र सर स्वतःच अडखळले. ऊआगादूगू हे नाव त्यांनी तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी वाचलं. पूर्णेच्या पोरानं चौथ्या तऱ्हेनं सांगितलं आणि मार्क मिळवले, कारण त्याचा उच्चार चूक आहे असं म्हणायची तिथं कुणाची ऐपत नव्हती.

खरी मजा अजिंठ्यानं आणली. माझा प्रश्न साधा होता : अजिंठ्याची लेणी कुणी आणि कधी शोधली? उत्तर, जॉन स्मिथ, १८१९. इंग्रजांच्या मद्रास फौजेतला हा घोडदळाचा अधिकारी शिकारीला आला होता, वाघाच्या मागावर. सिंदफणाच्या एका दोन वेण्यांच्या पोरीनं ताटावर डाव हाणला आणि उभी राहिली.

"सर, हरवली कधी होती?"

"काय?"

"लेणी. शोधली म्हणजे आधी हरवली पाहिजेत ना? खाली लेणापूर आहे. गावाच्या नावातच लेणं आहे. त्या लोकांना माहीतच असणार की."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी परीक्षकांकडे बघितलं. परीक्षकांनी पंख्याकडे बघितलं. पोरगी काही बसेना. म्हणाली, "आणि सर, त्यानं तिथं दहा नंबरच्या लेण्यात खांबावर नाव कोरलंय, तारखेसकट. सहलीला आम्ही नुसता हात लावला तर मॅडमनी उन्हात उभं केलं. त्यानं नाव कोरलं तर त्याच्यावर दोन मार्काचा प्रश्न!"

टाळ्या थांबायला वेळ लागला. परीक्षकांनी 'उत्तर नाही, पण मुद्दा आहे' असा निकाल देऊन एक मार्क दिला. नियमात एक मार्क नव्हताच, तेव्हापासून गुणफलकाची बेरीज जमेना.

वेरूळचा प्रश्न बिनभांडणाचा गेला. कैलास लेणं कोणत्या राजाच्या काळात कोरलं, तर राष्ट्रकूट कृष्ण पहिला. मागून एक आजोबा तेवढं म्हणाले की वरून खाली कोरलंय, आधी कळस मग पाया, आपल्या रस्त्यांसारखं. त्यावर संस्थाचालक हसले नाहीत.

मग सरांनी कागदावरचा प्रश्न आपल्या शैलीत सजवून विचारला. मी लिहिलं होतं : भारत कधी स्वतंत्र झाला? सर आवाज खाली नेऊन म्हणाले, "सांगा, आपण... स्वतंत्र... कधी झालो?"

गोदावरी : १५ ऑगस्ट १९४७.

ठण्ण! दुधना : "चूक! १७ सप्टेंबर १९४८!"

सकाळीच ज्या तारखेचा झेंडा लावून सगळे आत आले होते ती तारीख. गोदावरीचे पालक म्हणाले, देशाचा प्रश्न आहे. दुधनाचे म्हणाले, 'आपण' म्हणजे कोण ते आधी सांगा. देश स्वतंत्र झाला तेव्हा आपण निजामाच्या राज्यात होतो, आपल्याला पुढं तेरा महिने थांबावं लागलं. दोघंही खरं बोलत होते, त्यामुळे भांडण मिटायचं काही कारणच नव्हतं. प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलेले वयस्कर गृहस्थ इतका वेळ डुलकी काढत होते, ते जागे झाले. माईक मागून घेतला आणि पोलीस ॲक्शनपासून सुरुवात केली. १३ सप्टेंबरला फौजा आत आल्या, १७ ला निजाम शरण आला, स्वामी रामानंद तीर्थांनी त्याआधी किती वर्षं लोकांना तयार केलं, त्यांच्या स्वतःच्या गावात रझाकार आले तेव्हा आजीनं धान्य कुठं पुरलं, कोणत्या बाभळीखाली. हॉलमध्ये पहिल्यांदाच कुणी ताट वाजवत नव्हतं. भाषण संपवताना ते म्हणाले, "दोघांलाही मार्क द्या. अन् मला परभणीची गाडी गाठायची."

दोघांना मार्क दिले. बेरीज आणखी बिघडली.

शेवटच्या फेरीत पूर्णा आणि गोदावरी बरोबरीत, आणि पूर्णेला प्रश्न आला : भारताचा अधिकृत राष्ट्रीय खेळ कोणता? सोपा पण कुणाला येऊ नये, या फर्माईशीला जागून मी काढलेला हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. पूर्णेच्या पोरानं क्षणाचाही विचार न करता सांगितलं, हॉकी. सरांनी लॉक केलं. उत्तर होतं, कोणताच नाही. सरकारनं कुठलाही खेळ राष्ट्रीय म्हणून जाहीर केलेला नाही, असं क्रीडा मंत्रालयानंच २०१२ मध्ये माहितीच्या अधिकाराखाली कळवलं होतं.

मी अनेक वर्षं पोस्टात काढली. पगाराच्या मनीऑर्डरी उशिरा आल्यावरचे लोक मी बघितलेत. पण त्या दिवशीचा हॉल वेगळाच होता. पीटीचे सर खुर्चीवर चढले. "ऑलिम्पिकची आठ सुवर्णपदकं हॉकीनं आणली, आठ! अन् राष्ट्रीय नाही? मग काय लगोरी आहे का?" पाठ्यपुस्तकात होतं, असं एक आई सांगत होती. एकानं मोबाईलवर शोधलं तर पहिल्याच ओळीत हॉकी आलं, दुसऱ्यानं शोधलं तर नाही आलं, आणि ते दोघं एकमेकांच्या मोबाईलची कंपनी काढू लागले. पत्रिकेवर खाली बारीक अक्षरात 'परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील' असं होतं, पण अंतिम निर्णय देणारे परीक्षक चहाला म्हणून गेले ते मागच्या फाटकातून गेल्याचं नंतर कळलं. नियमाप्रमाणे प्रश्न उतारानं गोदावरीला आला. तिनं 'कोणताच नाही' सांगितलं आणि दोन मार्कांनी करंडक नेला. पहिलं उत्तर चुकलं म्हटल्यावर आणि मागून एवढा आरडाओरडा झाल्यावर ते कुणीही सांगितलं असतं, असं पूर्णेच्या पालकांचं म्हणणं आहे. मला ते पटतं, पण मी बोललो नाही.

तेव्हापासून मी बाजारातून जाताना मान खाली घालून जातो. भाजीवाली प्लुटोचं विचारते. २००६ साली त्याला ग्रहांतून काढलं, हे मी तिला सांगितलंय. त्याची बाजू ऐकून घेतली होती का, एवढंच तिला हवंय. पण दाढी काही टाळता येत नाही. हाताला आता थोडा कंप आहे, म्हणून नाक्यावरच्या सलूनमध्येच जातो. पूर्णेचं ते पोरगं याच सलूनवाल्याचं, हे मला डाव्या गालाचं काम झाल्यावर समजलं. त्यानं वस्तरा धुतला, पुसला आणि मिटून खिशात ठेवला. उजव्या गालावर फेस तसाच.

"मास्तर, राष्ट्रीय खेळ कोणता?"

बाहेर बाजाराचा दिवस. समोर एसटीची रांग, तीत माझे व्याही.

"हॉकी," मी म्हणालो.

त्यानं दुसरा गाल मोठ्या मायेनं केला. तुरटी फिरवली, गार पाण्याचा फवारा मारला, पैसे घेईना. मी उठलो तर ड्रॉवरमधून पोराची वही काढून पेनासकट पुढे धरली.

"तेवढं लिहून द्या. खाली सही करा. अन् मास्तर, तारीख टाका."