कडीचं टेस्टिंग

परवा रात्री गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर गेलो होतो. समोर म्हशीची धार काढतात, फेसाळ ग्लास हातात देतात, तो उभ्यानं प्यायचा, मिशी पुसायची आणि घरी यायचं. इतकी वर्षं एवढाच कार्यक्रम. परवा ग्लास तोंडाला लावला आणि मागून आमच्या गल्लीतलं एक पोरगं म्हणालं, "काकास्नी दूध पाजून मग पाळण्यात घालायचं आसंल." कट्टा खदाखदा हसला. म्हशीनंसुद्धा मान वळवून बघितलं.

म्हणजे बातमी गल्लीबाहेर पडली. आता झालं तेवढं मीच सांगून टाकतो, कारण गावात जी फिरतेय तिच्यात मी अंगठा चोखत होतो असंही आहे.

लेक पहिलटकरीण. बाळंतपण माहेरी, म्हणजे आमच्याकडे. तारीख जुलैच्या पहिल्या आठवड्यातली. घरात दोन याद्या. बायकोची तोंडी: जुनी मऊ सुती लुगडी फाडून दुपटी, झबली, टोपडी, चार डझन लंगोट, डिंक, अळीव, बाळंतशेपा, वावडिंग, शेगडी, मोहरीची उशी. लेकीची पुण्याहून मोबाइलवर, आणि तिच्यात आणायचं कमी, टाळायचं जास्त: धुरी नाही, काजळ नाही, गुटी नाही, मध तर वर्षभर नाही, उशी कसलीच नाही. बाळ उताणं, सपाट टणक गादीवर. सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको. डॉक्टरांनी सांगितलंय, विषय संपला. दोघींचं आपापसात एकदाही भांडण झालेलं नाही, कारण दोघी माझ्याशी बोलतात. लक्ष्मीपुरीतून वावडिंग घेऊन निघालो की लेकीचा फोन, परत करायला वळलो की बायकोचा. ते वावडिंग अजून माझ्या स्कूटरच्या डिकीत आहे. हेल्मेटलाही वास लागलाय.

पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतं. राजाराम बंधाऱ्यावर किती पाणी झालं, हे आम्ही पावसाळ्यात क्रिकेटच्या स्कोअरसारखं विचारतो. आमच्या घरात मात्र पट्टी लावलेली नाही. बायको "अहो" म्हणाली की ३९, आणि "अहो ऐकलं का" न म्हणता नुसतं भांडं आपटलं की ४३.

लंगोटांचं सांगायचं राहिलं. जुलैतल्या कोल्हापुरात रुमाल वाळायला तीन दिवस लागतात, चार डझन लंगोट कधी वाळणार? त्यावर पूर्वापार उपाय म्हणजे शेगडीवर डालगं पालथं घालायचं आणि त्यावर कपडे पसरायचे. ते डालगं आणायला मला पिटाळलं. बुरडाच्या दुकानातल्या मावशींनी विचारलं, "कोंबड्या किती हायत?" मी म्हणालो, "एकच, पुण्याहून यायचीय." त्यांनी मोठं डालगं दिलं. हे मी घरी येऊन विनोद म्हणून सांगितलं आणि पाणी ४३च्या वर गेलं.

तर कडी.

आमचं जुनं घर शुक्रवार पेठेत. माजघरातल्या सागवानी तुळईला एक लोखंडी कडी होती, मनगटाएवढी जाड, वापरून वापरून आतून रुपयासारखी चकचकीत झालेली. तिला मी टांगलो होतो, माझे वडील टांगले होते, त्यांच्या आत्या टांगल्या होत्या. माझी लेकही. पाळणा नसेल तेव्हा तिला कंदील असायचा, नंतर दह्याचं शिंकं. २०१९च्या पुरात घरात कमरेएवढं पाणी आलं, मातीच्या भिंती फुगल्या आणि आम्ही घर डेव्हलपमेंटला दिलं. करारावर सही करताना मी काय काय भांडून घेतलं म्हणता! दोन पार्किंग, देवघराला संगमरवर, किचनला कडाप्पा नको ग्रॅनाइट, बाल्कनीत नळ. करार १८ पानांचा. त्यात टाइल्सची मापं आहेत, दरवाज्याच्या बिजागऱ्या आहेत. कडी नाही. मी मागितलीच नाही. तुळई ज्या दिवशी ट्रकमध्ये चढली त्या दिवशी मी चौकात उभा राहून बिल्डरच्या माणसाशी पंख्यांच्या पॉइंटवर हुज्जत घालत होतो.

बायकोनं हे मला गेल्या महिन्यात पहिल्यांदा विचारलं. "पाळणा टांगायचा कशाला?" मी वर बघितलं. वर पांढरंशुभ्र पीओपी, त्यात बारा गोल दिवे. पीओपीला घड्याळसुद्धा टांगता येत नाही. "स्टँडवाला पाळणा मिळतो," असं मी म्हणून बघितलं. तिनं माळ्यावरून खाली काढलेल्या आमच्या पाळण्याकडे बघितलं. सागवानी, चारी कोपऱ्यांना पितळी साखळ्या, साखळ्यांना पोपट. मग माझ्याकडे बघितलं. भांडं हाताशी नव्हतं म्हणून वाचलो.

रविवारी ड्रिलवाला आला. भला पोरगा. पीओपीत टीचभर चौकोन कापला, वरच्या स्लॅबला भोक पाडलं, फास्टनर ठोकला, त्यात कडी आवळली. पंचवीस मिनिटांचं काम. अडीचशे रुपये सांगितले, मी दोनशे म्हणालो, तो हो म्हणाला. इथं हा लेख संपायला हवा होता.

पण ड्रिलचा आवाज ऐकून समोरचे बापू आले.

बापू ३५ वर्षं उद्यमनगरात फाउंड्रीत होते, शेवटी फोरमन. कोल्हापूर म्हटलं की बाहेरच्या लोकांना तांबडा-पांढरा रस्सा आठवतो आणि चपला आठवतात. पण उद्यमनगर आणि शिरोलीच्या भट्ट्यांमधून इंजिनांचे भाग ओतून बाहेर पडतात हे कुणाच्या गावी नसतं. बापूंना याचा फार राग आहे. तो राग ते जगातल्या प्रत्येक लोखंडी वस्तूवर काढतात. ते दारातच थांबले, चष्मा कपाळावर सरकवला आणि कडीकडे बघून म्हणाले,

"टेस्टिंग केलासा?"

"कसलं टेस्टिंग?"

"हुकाचं. आमच्याकडं चेनपुलीचा हुक बसवला की आदी लोड देऊन बगायचा, मगच त्याच्याखाली माणूस जाणार. हितं तर बाळ झोपणार न्हवं?"

"बापू, बाळ तीन किलोचं असतं."

"आज तीन. वरसानं नऊ-दहा. आनि झोका?" त्यांनी हातानं लंबक करून दाखवला. "झोका खाली आला की वजन वाढतंय. तुमी बँकेत हुता, तुमास्नी न्हाई कळायचं. वरनं शेजारपाजारची पोरं येऊन लोंबकळणार. सगळं धरून पन्नास म्हणा. त्याच्यावर सेफ्टी."

खरं सांगतो, मला ते पटलं. माझा मूळ दोषच हा आहे, की ठाम आवाजात आकडा सांगितला की मी मान डोलावतो. नोकरीतही याच दोषानं मी तीन वेळा कर्जवसुलीला गेलो.

पाळणा अडकवला. रिकामा पाळणा हलवायचा नसतो, त्यामुळे बायकोनं आधी वरवंटा आणून दुपट्यात गुंडाळून ठेवला. बारशालाही आपल्याकडे आधी वरवंट्यालाच गोविंद-गोपाळ करतात, तेव्हा हे शास्त्राला धरून होतं. बापूंनी झोका दिला, कान लावून ऐकलं. "आवाज न्हाई. वाढवा."

मग आजरा घनसाळचं २५ किलोचं पोतं आलं. बापूंनी झोका दिला. "वाढवा." मग पोत्याच्या जोडीला भरलेला सिलिंडर. सिलिंडर उचलताना पाठीत जी कळ आली ती अजून आहे, तिच्याबद्दल कुणी विचारलेलं नाही. एव्हाना दार उघडं राहिल्यामुळे वॉचमन आत आला होता, त्याच्यामागून तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी, त्यांचा मोबाइलवाला मुलगा, आणि पैसे घेऊन जायचं सोडून ड्रिलवालाही खुर्चीत बसला होता. त्याला बायकोनं चहा दिला. मला नाही.

"पंचावन झालं," बापू म्हणाले. "पर हे डेड लोड. मेलेलं वजन. जित्या माणसाचं येगळं. ते हलतंय. तुमी किती भरता?"

"८४."

"ब्येस! चढा."

"बापू, मी?"

"मग मी चढू व्हय? नातू कुणाचा?"

या वाक्याला आजवर कुणालाही उत्तर सुचलेलं नाही, मलाही सुचलं नाही. मी बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "चप्पल काढून बसा." पोतं, सिलिंडर खाली आले. वरवंटा मात्र तिनं काढू दिला नाही, तो कडेला सरकवला. स्टुलावर चढून मी आधी एक पाय आत टाकला, मग बैठक. पाळणा तीन फुटांचा. माझे गुडघे कानांच्या बरोबरीनं वर आले, पोपट पाठीत घुसले आणि मांडीखाली वरवंटा. हात कुठं ठेवायचे कळेना म्हणून दोन्ही साखळ्या धरल्या.

"आता झोका देतो. अंग सैल सोडा," बापू म्हणाले. "ताठ बसला तर रीडिंग चुकतंय."

त्यांनी ढकललं. मी गेलो, आलो. कडी गप्प होती. तिसऱ्या झोक्याला वहिनी हळूच म्हणाल्या, "जो जो म्हणा की कुणीतरी." आणि चौथ्या झोक्याला बायकोचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. लेक. बायकोनं उचलला आणि कौतुकानं मोबाइल माझ्याकडे फिरवला, "बघ, बाबांनी कडी बसवून घेतली."

पडद्यावर लेक नव्हती. व्याही होते.

आमचे व्याही सदाशिव पेठेतले. दोन वर्षांत माझ्याशी एकूण अकरा वाक्यं बोललेत, त्यातली चार हवामानावर. त्यांनी चष्मा नाकावर ठीक केला. मी एकदा त्यांच्या जवळ जात होतो, एकदा लांब. साखळ्या धरल्यामुळे नमस्कारही करता येईना. मी नुसती मान लववली. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग अगदी शांतपणे म्हणाले,

"लवकर आलं म्हणायचं."

आणि फोन सुनेकडे दिला.

बापूंनी टेस्टिंग पास जाहीर केलं, पण उतरवायची त्यांची काही योजना नव्हती. बसवायचं असतं, उतरवायचं आपलं आपण बघायचं. शेवटी वॉचमननं काखेत हात घालून मला उचललं, आणि तो क्षण तिसऱ्या मजल्यावरच्या चिरंजीवांनी टिपला. सोसायटीच्या ग्रुपवर तो दुपारी एकला आला. खाली एकतीस जणांनी पाळण्याचं चित्र टाकलं. याच ग्रुपवर मी आठ महिने लिहितोय की लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर अडकते, नऊ महिन्यांची बाई जिना चढणार कशी? एकानंही साधा अंगठा टाकलेला नाही. सेक्रेटरी पाळण्याच्या चित्रात पहिले होते. अंबाबाईला आलेल्या बाहेरगावच्या गाड्या आमच्या फाटकात लागतात, रात्री दोनला कळा सुरू झाल्या तर गाडी काढायची कुठून, हेही विचारून झालंय. आणि श्रावण सरला की तालमी-मंडळांचे डॉल्बी सुरू होतील तेव्हा दोन महिन्यांच्या जिवाला कुठल्या पेटीत ठेवायचं? त्यावर बापू म्हणाले, "सवय लावायची. आमच्या नातीला बेंजोबिगर झोप न्हाई."

पण खरी कळ सोमवारी आली. लेकीला मी अभिमानानं सांगितलं, ८४ किलोला टेस्ट झालीय, तू निर्धास्त ये. ती हसली, खूप हसली, मग म्हणाली, "बाबा, पण बाळ पाळण्यात झोपवायचं नाहीये. सपाट गादी सांगितलीय ना? पाळणा फक्त बारशाला. तासभर. फोटोपुरता."

मी बायकोकडे बघितलं. तिला हे ठाऊक होतं, हे तिच्या तोंडावरूनच दिसलं. मी काही बोललो नाही. पीओपीतलं ते भोक बघत राहिलो. त्याच्या कडेला स्लॅबपर्यंत एक तडा गेलाय, तो बुजवायला रंगारी बाराशे सांगतोय.

आता बारशापर्यंत पाळणा तिथंच. टांगलेला पाळणा रिकामा ठेवायचा नसतो, म्हणून वरवंटा दुपट्यात आतच. त्यामुळे आठवडाभर आमच्याकडे पाट्यावरची चटणी बंद. मिक्सरमधून निघतो तो खर्डा म्हणजे हिरवी पेस्ट, मिरचीचा अपमान. काल भाकरी घेऊन बसलो होतो, राहवलं नाही. म्हणालो, "एवढा पाच मिनिटं वरवंटा काढ की."

बायको तव्यावरची नजर न हलवता म्हणाली, "हळू बोला. आत्ताच झोपलाय."