कापलेली संगीन ‘शिवकालीन’ म्हणून विकू नका

जुन्या हत्यारांची आवड आहे म्हटल्यावर ओळखीतले लोक फोटो पाठवतात. ‘ही शिवकालीन कट्यार आहे का बघ जरा.’ फोटो मोठा करून बघितला की मुठीच्या टोकाला दाबायची कळ दिसते, लाकडी फळ्यांत स्क्रूची डोकी दिसतात. म्हणजे वस्तू शिवकालीन तर नाहीच, कट्यारही नाही. विसाव्या शतकातल्या रायफलच्या टोकाला लावायची ती संगीन असते, कुणीतरी कापून आखूड केलेली. विकणाऱ्याने मात्र ‘किल्ल्यावर सापडली’ म्हणून चौपट भाव लावलेला असतो.

मला याचा मनापासून राग येतो. पैसे बुडाले ते एक वेळ सोडा. त्या लोखंडाला स्वतःचा खरा इतिहास असतो आणि खोटी पाटी लावून आपण तो पुसतो.

परवा एका मित्राने पुण्याच्या जुन्या बाजारातून असाच एक चाकू आणला. गंजलेला, विनाम्यान, पातं जेमतेम साडेसात इंचांचं. दुकानदाराने ‘मराठा सरदाराचा खंजीर’ म्हणून दिला होता. मित्र तो बफिंगला, म्हणजे यंत्रावर घासून चकचकीत करायला टाकणार होता, म्हणून आधी मी मागून घेतला. मऊ फडकं आणि थोडं रॉकेल, एवढंच वापरलं. मुठीलगत पात्याला धार नसते, तिथली मळी हळूहळू सुटली आणि अक्षरं वर आली. मुकुट झिजून नुसता उंचवटा राहिलेला. त्याखाली जी आर, म्हणजे राजा जॉर्ज. त्याखाली १९०७, मग ८ आणि १७ हे आकडे, आणि सगळ्यांत खाली सँडरसन हे इंग्लंडमधल्या शेफील्डच्या कारखान्याचं नाव.

इथे बरेच जण फसतात. १९०७ हे वस्तू घडवल्याचं साल नव्हे, ते नमुन्याचं साल. एसएमएलई, म्हणजे आपल्याकडे जिला सगळे थ्री-नॉट-थ्री म्हणतात, त्या रायफलसाठी ब्रिटिशांनी पक्का केलेला हा संगिनीचा नमुना. घडवल्याची तारीख खालच्या आकड्यांत असते: आठवा महिना, १९१७. पडताळा घ्यायचा तर मुठीच्या टोकाकडे आरपार भोक आहे का ते बघायचं. तेल-माती बाहेर पडावी म्हणून १९१६ पासून हे भोक ठेवायला लागले. या चाकूला ते आहे, म्हणजे तारीख जुळते. पात्याच्या दुसऱ्या बाजूला एक फुली आहे, ती पातं वाकवून तपासल्याची खूण. शेजारी बाण आणि त्याखाली आय हे अक्षर. बाण म्हणजे ब्रिटिश सरकारची मालमत्ता, आयमुळे ती हिंदुस्थान सरकारची. शेफील्डला जन्मलेली ही संगीन भारतीय लष्कराच्या खात्यात होती, हे एवढ्या छोट्या ठशाने सांगितलं.

मुळात हिचं पातं १७ इंचांचं. एसएमएलईची नळी आधीच्या रायफलींपेक्षा आखूड होती, तेव्हा गेलेली लांबी संगिनीत भरून काढली, जपानी संगिनीचा नमुना समोर ठेवून. पुढे दुसऱ्या महायुद्धात एवढं लांब पातं अडचणीचं ठरलं आणि भारतात सरकारी पातळीवरच ते १२ इंचांवर आणलं गेलं. अमेरिकनांनीही १९४३ पासून आपल्या १६ इंची संगिनी कापून १० इंचांच्या केल्या. म्हणजे पातं कापलेलं दिसलं की लगेच ‘खराब केली’ म्हणू नका. ते लष्करानेच कापलेलं असू शकतं.

मग हे कुणी कापलं? पात्यावरची पन्हळ, म्हणजे लांब खोलगट चर बघा. मूळ संगिनीत ती टोकाच्या काही इंच अलीकडेच संपते. इथे ती टोकातून सरळ बाहेर निघून गेली आहे, म्हणजे पुढचा भाग नक्की उडवलेला. पण लांबी साडेसात इंच, सरकारी १२ इंचांच्या जवळपासही नाही, आणि नव्या नमुन्याचा ठसाही नाही. हे काम खासगी. रायफलच्या पुढच्या टोकाला अडकवायची कडी करवतीने कापून वरून कानशीने घासली आहे. तो घासलेला भाग बाकीच्या मुठीइतकाच काळपट झालाय, म्हणजे कडी जाऊनही बरीच वर्षं झाली. टोक मात्र वेगळ्याच माणसाचं काम दिसतं: ग्राइंडरचे आडवे ओरखडे अजून चकाकतात आणि कडेला निळसर झाक आहे. पोलाद फार तापलं की ही निळाई येते आणि तिथलं पाणी उतरतं, धार टिकत नाही. अक्रोडाच्या मूळ फळ्यांच्या जागी शिसवी लाकूड आहे, जुन्या स्क्रूच्याच भोकांतून पितळी खिळे ठोकून बसवलेलं. तेही हातावर घासून गुळगुळीत झालंय.

म्हणजे निदान दोन वेळा, दोन वेगळ्या हातांनी ही वस्तू बदलली. आधी कुणीतरी रोजच्या वापराला चाकू हवा म्हणून कडी काढली, चांगलं लाकूड लावलं आणि तो वर्षानुवर्षं वापरला. नंतर कुणीतरी घाईघाईने टोक काढलं, बहुधा विकण्यासाठी. मला त्या पहिल्या कारागिराबद्दल आदर वाटतो. समोर आलेल्या चांगल्या पोलादाला त्याने दुसरं आयुष्य दिलं.

आणि हे करण्यात आपल्याला परकं काही नाही. फिरंग तलवार आपण अभिमानाने मिरवतो, ती तरी काय आहे? युरोपातून आलेलं पातं आणि त्याला इथल्या कारागिराने बसवलेली मूठ. परदेशी तलवारींची पाती कापून कट्यारीला लावल्याची उदाहरणंही संग्रहांत आहेत. तिथे आपण त्याला कारागिरी म्हणतो. मग संगिनीचा चाकू करणाऱ्या लोहाराचं काम लपवायचं कशाला?

माझा खरा आग्रह पुढचा आहे. दोन्ही महायुद्धांत भारतीय पायदळाच्या हातात मुख्यतः थ्री-नॉट-थ्री रायफली होत्या. १९१५-१६ मध्ये मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुतच्या वेढ्यात अडकली ती सहावी पूना डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली आणि त्यातले कितीतरी जण कैदेत गेले. दुसऱ्या महायुद्धात इटलीत माणगाव तालुक्यातल्या यशवंत घाडगे यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं, मरणोत्तर, १० जुलै १९४४ च्या लढाईसाठी. हा इतिहास मराठी माणसाचाच आहे. साताऱ्यात, रत्नागिरीत, रायगडात अजूनही घराघरांत पणजोबांची पदकं पेटीत सापडतात. ही संगीन त्यांच्यातल्या कुणाची होती असं मी म्हणणार नाही, तसा काहीच पुरावा नाही. पण तिला ‘सरदाराचा खंजीर’ म्हटलं की त्या माणसांची आठवण काढायचं निमित्तसुद्धा जातं. महाराजांच्या नावाला खोट्या वस्तूंची गरज नाही, आणि या सैनिकांच्या वाट्याला आधीच फार थोडं आलंय.

तेव्हा असं काही हाती लागलं तर बफिंग नको, पॉलिश पेपर नको, आम्लात बुडवणं तर नकोच. ठसे फार उथळ असतात, एका फेरीत कायमचे जाऊ शकतात. आधी तिरप्या उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो काढा, पात्याची लांबी मोजा, मग मऊ फडक्याने पातळ तेल. कडी परत वेल्डिंग करून ‘मूळ रूप’ द्यायचा मोह आवरा. आणि घेण्याआधी कायदा बघा. शस्त्र नियमांत संगिनीचा उल्लेख नाव घेऊन आहे, नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याच्या सुऱ्याही त्यात येतात. कुठे परवाना लागतो हे तिथे लागू असलेल्या अधिसूचनेवर ठरतं. जवळच्या पोलीस ठाण्यात विचारून घ्या, आणि अशी वस्तू घेऊन रस्त्यावर तर अजिबात फिरू नका.

शिवजयंतीला गावोगावी शस्त्रप्रदर्शनं भरतात, शाळेतली मुलं रांगा लावून बघतात. आयोजकांना कळकळीची विनंती आहे: टेबलावर मांडण्याआधी प्रत्येक मुठीवर स्क्रू, कळ आणि मुठीलगत पात्यावर इंग्रजी ठसा आहे का ते एकदा बघा. असला तर वस्तू बाजूला टाकू नका. वेगळ्या टेबलावर ठेवा आणि पाटी लिहा: ‘ब्रिटिश संगीन, १९०७ चा नमुना, शेफील्ड, १९१७, भारतीय लष्कराच्या मालकीची, नंतर स्थानिक कारागिराने चाकू केला.’ मित्राच्या चाकूसाठी आम्ही हीच पाटी केली आहे, आणि येत्या शिवजयंतीला तो आमच्या पेठेतल्या मंडळाकडे रीतसर परवानगी घेऊन असाच मांडणार आहोत.