सुखाचं जर्नल काढलंय ना, मग झोप विसरा

तर तुम्ही वेलबीइंगवरचं संशोधन छापणारं जर्नल चालवताय, म्हणजे माणूस सुखासमाधानात कसा जगेल याचं. अभिनंदन! आता माणसाला ठेवा बाजूला आणि इम्पॅक्ट फॅक्टरकडे बघा, म्हणजे जर्नलचं वजन ज्यावर तोलतात त्या आकड्याकडे.

हिशोब पोराटोरांना जमेल असाय. मागच्या दोन वर्षांत छापलेल्या मजकुराला यंदा किती साइटेशन्स मिळाली (म्हणजे इतरांनी आपल्या पेपरांत किती वेळा त्याचा संदर्भ दिला), भागिले त्या दोन वर्षांतले पेपर. 100 पेपर, 200 साइटेशन्स, आले 2. मेख अशी की वर संपादकीय, पत्रं वगैरे सगळ्याचीच साइटेशन्स धरतात पण खाली मोजतात ते फक्त संशोधन लेख आणि रिव्ह्यू. म्हणजे त्यातले 20 पेपर ‘संपादकीय’ म्हणून खपवता आले की खाली उरले 80, बसल्या जागी अडीच! जगात कुणाचं दुःख तसूभर कमी झालेलं नाही, पण तुमचं झालं ना, मग बास.

खरं तर यूजीन गारफिल्ड या माहितीशास्त्रज्ञाने 1960 च्या दशकात हा आकडा काढला तो साइटेशन्सची नोंद ठेवणाऱ्या आपल्या इंडेक्समध्ये कुठली जर्नल्स घ्यायची ते ठरवायला. आता त्यावर लोकांची प्रमोशनं ठरतात, पण तुम्ही कशाला मनाला लावून घेताय.

दीर्घकाळ चालणाऱ्या अभ्यासांच्या नादी अजिबात लागू नका. हार्वर्डवाले 1938 पासून माणसांच्या आयुष्याचा माग काढत बसलेत, एवढा धीर आपल्याला परवडणारा नाही, आपली खिडकी दोन वर्षांची. तिसऱ्या वर्षी कुणाला तुमचा पेपर वाचून जगावंसं वाटलं तरी तो आकड्यात येत नाही.

त्यापेक्षा प्रश्नावली छापा, सगळ्यांना लागेल अशी. एड डीनर हे मानसशास्त्रज्ञ आणि मंडळींनी 1985 मध्ये समाधान मोजायची पाच विधानांची पट्टी काढली, आजही जो ती वापरतो तो साइटेशन देतो. आणि एकच पेपर काय करू शकतो ते स्फटिकशास्त्रवाल्यांना विचारा. अ‍ॅक्टा क्रिस्टॅलोग्राफिका ए मध्ये 2008 साली स्फटिकांची रचना शोधणाऱ्या शेल्एक्स या सॉफ्टवेअरवर एक लेख आला, जो तो तोच साइट करायला लागला आणि 2 च्या आसपास घुटमळणारं जर्नल पुढच्या वर्षीच्या आकड्यात थेट 49.9 वर! बाकीचे पेपर होते तिथेच होते बिचारे.

टीकेला घाबरू नका. ‘हा निष्कर्ष साफ चुकीचा आहे’ असं लिहून कुणी साइट केलं तरी एक म्हणजे एकच, मशीनला टोमणे कळत नाहीत. उलट एखादा भांडकुदळ लेखक मुद्दाम पाळा.

आणि सगळ्यात खात्रीचा उपाय मी स्वतः खाल्लेला आहे. एका जर्नलकडून मेल आला, पेपर उत्तम आहे, फक्त आमच्याकडचे गेल्या दोन वर्षांतले पाचेक लेख संदर्भांत दिसले तर बरं. कुठले पाच ते लिहिलं नव्हतं, आपण समजून घ्यायचं. मग काय, रात्री साडेबाराला लॅपटॉप उघडून त्यांचे अंक चाळत बसलो, चार सापडले, पाचवा काही केल्या बसेना, शेवटी दोन वाजता एक मिळाला, अपुऱ्या झोपेने मनःस्वास्थ्य कसं ढासळतं यावर. वाचला नाही हो, 37 नंबरला चिकटवला आणि सबमिट केलं.