कोलेस्टेरॉलच्या गोळीने स्नायू झिजतात? त्या मेसेजबद्दल खुलासा

"कोलेस्टेरॉलची गोळी स्नायू खाते, आजच बंद करा" असा मेसेज फिरतोय. तो वाचून आमच्या शेजारच्या काकांनी, स्टेंट बसवलेला असूनही, अ‍ॅटोरव्हास्टॅटिनची पट्टी अर्धवट टाकून दिली. म्हणून हे लिहितेय.

स्टॅटिनने, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या अशा गोळ्यांनी, स्नायू दुखू शकतात, हे खरं. पण किती जणांचे? २०२२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अनेक चाचण्यांचं एकत्रित विश्लेषण आलं. औषध नसलेली, नुसती दिसायला तशी गोळी घेणाऱ्यांपैकी २६.६ टक्के लोकांनी स्नायूंची तक्रार केली. खरी स्टॅटिन घेणाऱ्यांपैकी २७.१ टक्के. फरक एवढाच, तोही मुख्यतः पहिल्या वर्षातला. थायरॉइड बिघडलं तरी पिंढऱ्या दुखतात, हे मेसेजवाला सांगत नाही.

स्नायू खरोखर मोडण्याचा प्रकार अतिशय दुर्मीळ, पण गंभीर. लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, जिना चढताना मांड्यांत जोरच उरला नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक कुणी लिहून दिलं तर आपण स्टॅटिन घेतो हे आधी सांगा, कारण दोन्ही एकत्र घेतल्याने हा धोका वाढतो.

नुसतं दुखत असेल तर डॉक्टर रक्तातलं सीके (स्नायूंना इजा झाली की वाढणारा घटक) तपासतात, डोस कमी करतात किंवा गोळी बदलून देतात. काकांनाही बदलूनच दिली.