पिल्लं ठेवून घेऊ नका

गडग्याचे, म्हणजे दगडी कुंपणाचे, दगड काढताना मिळालेली धामण सापाची अंडी एका दादांनी घरी उबवली आणि आता पिल्लं पाळू का म्हणून विचारतायत. अजिबात नको! 1972च्या वन्यजीव कायद्याने धामणीला संरक्षण आहे, पाळणं गुन्हा आहे. शिवाय ती धामणीचीच कशावरून? नागाचं पिल्लू अंड्यातून निघतं तेच विष घेऊन.

मुळात अंडी हलवायचीच नसतात. मऊ, चामड्यासारखी, एकमेकांना चिकटलेली असतात. कोंबडीच्या अंड्यांसारखी फिरवली की आतला जीव दगावू शकतो. आमच्या कलमांच्या बागेत पातेऱ्याखाली, म्हणजे सुक्या पानांखाली, अशी अंडी दिसली, तेव्हा वडिलांनी तो कोपरा झाडायचाच सोडला. धामण भाताचे उंदीर खाते हो, तिला हाकलून कसं चालेल?

दादा, पिल्लांना भरवत बसू नका, आजच वनखात्याला कळवा. सापडली त्याच वाडीच्या आसपास, आडोशाला सुटू देत.