पट्टी कोण वाचतं?

सिनेमात हिरोच्या मोबाइलवर मेसेज येतो, हॉटेलातल्या टीव्हीवर बातमी लागते, बँकेच्या कंप्युटरवर ‘कर्ज नामंजूर’ उमटतं. हे आपोआप होतं, असा दिग्दर्शकासकट सगळ्यांचा समज असतो. प्रत्यक्षात काउंटरमागे एक माणूस मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेला असतो, पायाला मुंग्या आलेल्या. तो मी, सेटच्या भाषेत ‘प्लेबॅक’. नटानं बोट कुठंही लावावं, पडदा मी बदलतो. एकानं भावनेच्या भरात मोबाइल उलटा धरला होता. मेसेज तरीही वेळेवर आला.

यंदा शूटिंग लातूरजवळच्या एका गावात होतं. कथा एप्रिल २०१६ मधल्या दुष्काळाची, शूटिंग ऐन श्रावणात. जिकडं कॅमेरा वळवावा तिकडं हिरवंगार सोयाबीन. ते लपवणं कॅमेरामनच्या नशिबी, साल सांभाळणं माझ्या. दिग्दर्शक म्हणाले, “नायक टपरीवर क्यूआर स्कॅन करून चहाचे पैसे देईल.” म्हटलं, साहेब, यूपीआयची घोषणाच त्या महिन्यातली. नोटाबंदी तर नोव्हेंबरात.

“मग नायक काळाच्या पुढचा दाखवू.”

बँकेच्या सीनला कॅमेरामननं काचेवरची चमक मारायला पोलरायझर लावला. एलसीडीचा उजेड मुळातच पोलराइज्ड, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा असतो. फिल्टर आडवा आला की पडदा काळा ठिक्कर. बोंब अर्थातच “प्लेबॅक!” अशी. फिल्टर थोडा फिरवला, चित्र आलं. “बघ, आता लागलं तुझं,” तो म्हणाला.

हॉटेलात जुना डबा टीव्ही. तो सेकंदाला २५ चित्रं दाखवतो, सिनेमाचा कॅमेरा २४ टिपतो, आणि या एका चित्राच्या भांडणात पडद्यावर पट्टा सरकत राहतो. “कॅमेरा २५ वर चालवा” म्हणालो, तर जणू मी कॅमेरामनच्या मुलीला मागणी घातली! जनरेटरचं डिझेल संपत आलं, तेव्हा कुठं तयार झाला.

बातमी होती मिरजेहून आलेल्या पाण्याच्या रेल्वेची. १२ एप्रिल २०१६, १० डबे, ५ लाख लिटर. दिग्दर्शकांना १० डबे केविलवाणे वाटले. “५० करा.” खाली सरकणारी पट्टी लेखकानं दादरहून पाठवलेली: ‘सोयाबीन ९००० रुपये क्विंटल’. मी हरकत घेतली.

“अरे, फोकस नायकावर आहे. पट्टी कोण वाचतं?”

गिऱ्हाईक म्हणून बसवलेलं अख्खं गाव वाचत होतं. नायक गहिवरून ग्लास खाली ठेवतोय, तेवढ्यात फेटेवाले आजोबा बोलले, “मालक, पयल्या गाडीला धाच डबे हुते. पन्नासाची मागून आली. आमी घागर घिऊन हुताव.”

कट.

पुढच्या टेकला मागच्या बाकावरून आवाज आला, “नऊ हजार? कुटं?” आणि एक गिऱ्हाईक कॅमेऱ्यासमोरून उठून मेहुण्याला फोन लावायला बाहेर. मेहुणा म्हणे गेल्या सालचा माल भरून आडतीच्या दारात उभा. “इकू नको, थांब!” हे नायकाच्या संवादापेक्षा खणखणीत रेकॉर्ड झालं.

दिग्दर्शक म्हणाले, पट्टीच काढून टाक. काढली, तर गिऱ्हाइकांचा बातमीवरचा विश्वासच उडाला. चेहऱ्यावर काही उमटेना. अखेर ‘१० डबे’, ‘सोयाबीन स्थिर’ अशी माझ्या मनासारखी पट्टी चालली आणि टेक ओके झाला.

पॅकअपला आजोबा लॅपटॉपपाशी आले. “चॅनेल बेस हाय तुमचं. जाहिरातीबी न्हाईत. जाताना आमच्या डिशवर तेवढं लावून द्या.”